बार्बाडोस बघायचं तर उसाच्या क्रमाने

कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर, होलटाऊनमध्ये एक दगडी स्तंभ आहे. इंग्रज या बेटावर १६०५ साली उतरले, असं त्यावर कोरलंय. ते चूक आहे. पहिलं इंग्रजी जहाज इथे लागलं १६२५ मध्ये आणि वस्ती झाली १६२७ मध्ये. १९०५ साली तीनशे वर्षं पूर्ण झाली असं समजून मोठ्या थाटात स्तंभ उभारला गेला. पुढे १९७५ मध्ये खऱ्या तारखेची दुसरी पाटी लावली, पण मूळ मजकुराला कुणी हात लावला नाही. आज दोन्ही सालं एकाच स्तंभावर नांदतायत.

बार्बाडोसचा वसाहतकालीन इतिहास पहिल्यांदाच बघायला निघालेल्याने हा स्तंभ ध्यानात ठेवावा. इथल्या बऱ्याचशा जागांना दोन पाट्या असतात. एकीवर मालकाचं नाव आणि बांधकामाचं साल, दुसरीवर ते कुणाच्या घामावर उभं राहिलं ते. पहिली पाटी नेहमी चकचकीत असते. दुसरी शोधावी लागते आणि कित्येकदा ती नसतेच. टूर कंपन्यांची बस तुम्हाला आधी मळेवाल्याच्या हवेलीत नेते, रमचा घोट देते, मग समुद्रावर सोडते. माझा सल्ला उलटा आहे. आधी बंदर, मग दफनभूमी, मग उसाची गिरणी आणि हवेली त्यानंतर. क्रम बदलला की तीच हवेली निराळी दिसते.

पायरी १: निघण्याआधी

बेट छोटं आहे. सुमारे ३४ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त २३ किलोमीटर रुंद, लोकसंख्या तीन लाखांच्या आत. चार दिवस हाताशी असतील तर खाली दिलेलं सगळं आरामात होतं, दोन असतील तर पायरी ५ पर्यंतच करा.

भारतातून थेट विमान नाही. बहुतेक लोक लंडनमार्गे किंवा अमेरिकेमार्गे जातात. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो आणि घोळ तिथेच होतो. तिकीट काढण्याआधी दोन्हीकडचे नियम बघून घ्या. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. डिसेंबर ते एप्रिल कोरडा आणि महाग.

चलन बार्बाडियन डॉलर. दोन बार्बाडियन म्हणजे एक अमेरिकन, हा दर ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. बसचं तिकीट कुठूनही कुठेही साडेतीन बार्बाडियन डॉलर. निळ्या रंगावर पिवळा पट्टा असेल तर सरकारी बस, पिवळ्यावर निळा पट्टा म्हणजे खासगी मिनीबस आणि पांढऱ्यावर किरमिजी पट्टा म्हणजे 'झेडआर' व्हॅन. आपल्या वडापला ज्याने लोंबकळून प्रवास केलाय त्याला झेडआरमध्ये काही शिकवावं लागत नाही. थांब्यांवर गावाचं नाव नसतं, फक्त 'टू सिटी' किंवा 'आऊट ऑफ सिटी' लिहिलेलं असतं. सिटी म्हणजे ब्रिजटाऊन. बेटभर एवढ्यावर भागतं.

आणखी एक. लष्करी छापाचे कपडे, म्हणजे तो हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज, नागरिकांनी घालायला इथे कायद्याने बंदी आहे. लहान मुलाची टोपीसुद्धा चालत नाही. बॅग भरतानाच काढून ठेवा.

थोडी पार्श्वभूमी घेऊन जा. कॅरिबियनमधली बरीचशी बेटं इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश, डच यांच्या हातातून एकमेकांकडे फिरत राहिली. बार्बाडोस १६२७ पासून ३० नोव्हेंबर १९६६ पर्यंत अखंड इंग्रजांकडेच होतं. म्हणून त्याला 'लिटल इंग्लंड' म्हणायची पद्धत पडली. दगडी चर्च, क्रिकेट, डावीकडून चालणारी वाहनं पाहून पाहुण्यालाही ते नाव आवडून जातं. मला ते फसवं वाटतं. इंग्लंडमध्ये उसाचे मळे नव्हते आणि माणसं विकत घेऊन त्या मळ्यांत राबवण्याचा सविस्तर कायदाही नव्हता. तो कायदा या बेटाच्या असेंब्लीने १६६१ मध्ये केला. पुढे जमैकाने आणि दक्षिण कॅरोलायनाने आपापले कायदे त्यावरून बेतले.

मराठी वाचकाच्या मनात हमखास येणारा प्रश्न: इथे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले हिंदुस्थानी मजूर, आहेत का? नाहीत. त्रिनिदादला आणि गयानाला १८३८ नंतर हिंदुस्थानातून लाखो मजूर नेले, कारण तिकडे मुक्त झालेल्या लोकांना मळे सोडून जायला मोकळी जमीन होती आणि मळेवाल्यांना हात कमी पडत होते. बार्बाडोसवर इंचन् इंच जमीन आधीच मळ्यांखाली गेली होती. मुक्त झालेला माणूस जाणार कुठे? तो त्याच मळ्यावर, तुटपुंज्या मजुरीवर राहिला. गिरमिटियांची गरजच पडली नाही. इथे जे भारतीय वंशाचे लोक भेटतात त्यांचे पूर्वज विसाव्या शतकात बंगाल आणि गुजरातेतून स्वतःहून व्यापाराला आले. दारोदार कापड विकायचं, पैसे हप्त्याने घ्यायचे, असा त्यांचा धंदा होता.

पायरी २: ब्रिजटाऊन, पायी

सकाळी आठ-साडेआठला सुरुवात करा, अकरानंतर ऊन डोक्यावर येतं. रविवार टाळा, शहर बंद असतं. ब्रिजटाऊन आणि त्याची लष्करी छावणी २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. यादीत नाव आहे म्हणून काही भव्य दिसेल ही अपेक्षा मात्र नको. गल्ल्या वेड्यावाकड्या, मधेच पत्र्याची दुकानं, मधेच दोनशे वर्षांची भिंत. त्या वाकड्या गल्ल्यांमुळेच खरं तर युनेस्कोचं लक्ष गेलं. स्पॅनिश लोक शहरं चौकटी आखून वसवायचे, हे तसं नाही.

करीनेजपासून निघा. हे आत शिरलेलं अरुंद बंदर. जहाजं इथे एका कुशीवर कलती करून त्यांचे तळ खरवडायचे. आज नौकाविहाराच्या होड्या लागलेल्या असतात. पुलावर उभं राहिलात की समोर नॅशनल हीरोज स्क्वेअर. १९९९ पर्यंत याचं नाव ट्रफाल्गर स्क्वेअर होतं आणि मधोमध ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याचा पुतळा होता. तो बसवला १८१३ मध्ये, म्हणजे लंडनच्या प्रसिद्ध नेल्सन स्तंभाच्या तीस वर्षं आधी. नेल्सन गुलामांच्या व्यापाराचा पाठीराखा होता, त्यामुळे पुतळा हलवावा ही मागणी जुनीच. १६ नोव्हेंबर २०२० ला तो समारंभपूर्वक उतरवला आणि बार्बाडोस म्युझियम या संग्रहालयाच्या ताब्यात दिला. फोडला नाही, रंग फासून समुद्रात ढकलला नाही. वर्षभराने, ३० नोव्हेंबर २०२१ च्या मध्यरात्री, ब्रिटिश राणीचं नामधारी प्रमुखपदही संपलं आणि देश प्रजासत्ताक झाला. त्या रात्री याच चौकात राजपुत्र चार्ल्स समोर बसले होते, सॅन्ड्रा मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि गायिका रिहानाला राष्ट्रीय वीर जाहीर केलं गेलं.

चौकाच्या उत्तरेला संसदेच्या दोन इमारती. पोवळ्याच्या चुनखडी दगडातल्या, टोकदार कमानींच्या, १८७० च्या दशकातल्या. संसद स्वतः १६३९ पासूनची आहे, राष्ट्रकुलातल्या सर्वांत जुन्या संसदांपैकी एक. आत प्रवेश मिळाला तर पूर्वेकडच्या इमारतीतल्या रंगीत काचा बघा. इंग्लंडच्या राजाराण्यांची ओळ आहे आणि त्या ओळीत ऑलिव्हर क्रॉमवेलही आहे. ज्याने राजाचं डोकं उडवलं तो राजांच्या पंगतीत! क्रॉमवेलचा आणि या बेटाचा संबंध खिडकीपुरता नाही. त्याने आयर्लंडमध्ये पकडलेले कैदी इथल्या मळ्यांवर धाडले. सुरुवातीच्या वर्षांत राबणारे हात मोठ्या प्रमाणात गोरेच होते, करारावर आलेले किंवा पकडून आणलेले. त्यांच्यातल्या गरीब राहिलेल्यांच्या वंशजांना पुढे 'रेडलेग्ज' म्हणू लागले.

तिथून दहा मिनिटांवर निधे इझरायल सिनेगॉग. इथे थोडा जास्त वेळ ठेवा. ब्राझीलमधलं रेसिफे डचांच्या हातून गेल्यावर १६५४ मध्ये तिथले ज्यू परागंदा झाले, त्यातले काही इकडे आले. ऊस गाळून साखर कशी काढायची हे ज्ञान बार्बाडोसला ब्राझीलकडून मिळालं, आणि त्या देवाणघेवाणीत डच आणि ज्यू व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. मूळ वास्तू १८३१ च्या वादळात कोसळली, आजची १८३३ ची. २००८ मध्ये आवारात उकरताना खाली दगडी स्नानकुंड सापडलं. विधीपूर्वक स्नानाचं, सतराव्या शतकातलं, जिवंत झऱ्याचं पाणी असलेलं. पायऱ्या उतरून तळाशी अजून पाणी दिसतं. शेजारच्या दफनभूमीतले दगड निवांत वाचा, एकाच दगडावर दोन-दोन लिप्या आढळतात.

परतताना गोल्डन स्क्वेअर फ्रीडम पार्कमध्ये डोकवा. जुलै १९३७ मध्ये क्लेमेंट पेन नावाचा तरुण इथे मजुरांच्या सभा घ्यायचा. सरकारने त्याला हद्दपार केलं, शहर पेटलं, गोळीबारात १४ माणसं गेली. बेटावरचं आधुनिक राजकारण, कामगार संघटना, पुढे सर्वांना मतदानाचा हक्क, हे सगळं त्या दंगलीनंतर वेगाने हललं. पर्यटकांच्या नकाशांवर ही जागा बारीक टाईपात असते.

पायरी ३: न्यूटन मळ्याची दफनभूमी

बेटाच्या दक्षिण भागात, हमरस्त्यापासून जवळ. इथे हवेली नाही. उताराचं गवत आहे, आजूबाजूला ऊस आहे, आणि त्या गवताखाली न्यूटन मळ्यावर राबलेल्या सुमारे ५७० गुलाम स्त्री-पुरुषांना पुरलेलं आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गुलामगिरी संपेपर्यंतच्या काळातली ही माणसं. मळ्याच्या जमिनीतला हा तुकडा खडकाळ, ऊस लावायला कुचकामी, म्हणून त्यांच्या वाट्याला आला. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केलं. गेली काही वर्षं इथे स्मारक आणि संशोधन केंद्र उभारायची योजना आहे, त्यामुळे जाण्याआधी प्रवेश कसा आहे ते संग्रहालयाकडे विचारून घ्या.

उत्खननात एक वयस्क पुरुष सापडला. त्याच्याबरोबर ठेवलेल्या वस्तू इतर कुणाजवळ नव्हत्या: धातूची कडी-अंगठ्या, आफ्रिकी घडणीची मातीची चिलीम आणि गळ्यात एक माळ. माळेत कवड्या, माशाच्या मणक्यांचे मणी, कुत्र्याचे सुळे, युरोपी काचमणी आणि एक मोठा तांबूस अकीकाचा मणी. तो वैदू असावा, त्याच्या लोकांत मान असलेला, असा अभ्यासकांचा कयास. आणि तो अकीकाचा मणी? तो गुजरातेतल्या खंबायतच्या बाजूला घडवलेला असावा असं ते मानतात. कवड्या हिंदी महासागरातल्या. म्हणजे खंबायतच्या कारागिराने भोक पाडलेला दगड अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेला, तिथून एका माणसाबरोबर किंवा त्याच्यासाठी अटलांटिक ओलांडून इथे आला, आणि त्याच्याच गळ्यात पुरला गेला. जहाजावर चढवताना माणसांना बहुतेक वेळा नागवं केलं जाई, तेव्हा ही माळ इथवर टिकली कशी, की इथेच कुठून एकेक मणी जमवून ओवली, याचा विचार करत उभं राहायला न्यूटनचं गवत चांगली जागा आहे.

पायरी ४: ऊस, चरक, काहील

आता उत्तरेला चला. गाडी भाड्याने घेतलीत तर आजच्यासाठी घ्या.

पहिला मुक्काम मॉर्गन लुईसची पवनचक्की. एकेकाळी बेटावर अशा पाचशेच्या आसपास चक्क्या होत्या, यंत्रासकट शाबूत राहिलेली ही एकच. ती १९४७ पर्यंत ऊस गाळत होती. वाऱ्याने पाती फिरायची, खाली तीन उभे लाट, म्हणजे रूळ, त्यात हाताने ऊस सारायचा. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको: चरकातून रस, रसाची काहील, एका काहिलीतून दुसऱ्या लहान काहिलीत, वरची मळी काढत काढत, शेवटी दाणा धरतो आणि काकवी निथळते. कारखान्याच्या दाराशी गाड्या अडकल्या की आपल्याकडचा ऊसकरी का कासावीस होतो तेही आपल्याला ठाऊक आहे. तोडलेला ऊस थांबत नाही, दिवसाभरात गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो. हे एकदा लक्षात घेतलं की मळ्यावरची क्रूरता कुठून यायची ते उलगडतं. हंगामात चरक रात्रंदिवस चालायचा, तीच माणसं दिवसा तोडीला आणि रात्री गाळपाला. झोपेने पेंगुळलेल्या माणसाचा हात लाटांमध्ये गेला तर छाटायला कॅरिबियनमधल्या मळ्यांवर चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे.

साखरेने बेट किती वेगाने बदललं हे आकड्यांशिवायही समजतं. १६२७ मध्ये पहिली तुकडी आली तेव्हा बेट निर्मनुष्य होतं आणि गच्च रान होतं. सुरुवातीला तंबाखू आणि कापूस लावला, तंबाखू अगदीच सुमार निघाला. १६४० च्या दशकात जेम्स ड्रॅक्ससारख्या मळेवाल्यांनी ऊस लावला, आणि एका पिढीत रान संपलं, छोटे शेतकरी संपले, आफ्रिकेतून आणलेल्यांची संख्या गोऱ्यांपेक्षा वाढली.

मॉर्गन लुईसजवळच सेंट निकोलस ॲबी. नावात मठ आहे, पण इथे मठ कधीच नव्हता. ही १६५८ ची मळेवाल्याची हवेली आहे. वक्राकार त्रिकोणी माथे, कोपऱ्यांवर धुराडी. या हवामानात शेकोटी! इंग्लंडच्या नकाशावरून घर उचललं ते शेकोटीसकट. सतराव्या शतकाच्या या शैलीची जेमतेम तीन घरं दोन्ही अमेरिका खंडांत मिळून उरली आहेत, त्यातली दोन या बेटावर. घर, बाग आणि रमची भट्टी सगळं नीट राखलंय, १९३० च्या दशकात मळ्यावर टिपलेली जुनी फिल्मही दाखवतात. ती चुकवू नका: गुलामगिरी संपून शंभर वर्षं झालेली, आणि तरी घोड्यावर कोण आणि पायी कोण ते पडद्यावर दिसतं. तिथे मळ्याच्या मालमत्तेची जुनी यादीही बघायला मिळते. माणसं, नावं, आणि पुढे पौंडांत किंमत. बैलांच्या यादीसारखीच. टूरवाले त्या यादीपुढून झरझर पुढे जातात, तुम्ही थांबा.

दुसरी हवेली ड्रॅक्स हॉल. जेम्स ड्रॅक्सच्या घराण्याकडेच अजून मळ्याची मालकी आहे, सुमारे पावणेचारशे वर्षं. घर पर्यटकांसाठी खुलं नाही, रस्त्यावरून जे दिसेल ते. या घराण्याने भरपाई द्यावी की नाही यावर बार्बाडोसमध्ये जोरात वाद चालू असतो. टॅक्सीवाल्याला नुसतं नाव सांगा, पुढचा अर्धा तास तुम्हाला ऐकायचंच काम.

भरपाईबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा सरकारने २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. बेटावरच्या सुमारे ८३ हजार माणसांना दमडी मिळाली नाही, उलट 'उमेदवारी'च्या, म्हणजे शिकाऊ कामाच्या, नावाखाली त्याच मळ्यावर १ ऑगस्ट १८३८ पर्यंत राबावं लागलं.

पायरी ५: बसाचा पुतळा आणि गन हिल

या दोन जागा एकाच दिवशी, याच क्रमाने बघाव्यात.

एबीसी हायवेच्या एका वर्तुळाकार चौकात पुतळा आहे: उघडाबंब माणूस, वर केलेले दोन्ही हात, मनगटांना लोंबणारे साखळीचे तुकडे. अधिकृत नाव 'मुक्तिशिल्प', कार्ल ब्रूडहॅगन यांनी घडवलेलं, १९८५ मध्ये बसवलं. सगळे त्याला 'बसा' म्हणतात. चौकाला सतत गाड्यांचा वेढा असतो, तेव्हा आधीच्या थांब्यावर उतरून जपून चालत जा. चालत्या गाडीतून काढलेल्या फोटोत फक्त पाठ येते.

बसा हा सेंट फिलिप परगण्यातल्या बेलीज मळ्यावरचा गुलाम, आफ्रिकेत जन्मलेला. १८१५ मध्ये लंडनमध्ये गुलामांची नोंदणी सक्तीची करण्याचं विधेयक आलं. मळेवाल्यांनी त्यावर एवढा आरडाओरडा केला की गुलामांना वाटलं, आपली सुटका मंजूर झालीय आणि हे लोक ती दाबून ठेवतायत. सिमन्स मळ्यावरची नॅनी ग्रिग वर्तमानपत्रं वाचू शकत असे, ती बातम्या इतरांना सांगायची. १४ एप्रिल १८१६, ईस्टरचा रविवार, रात्री उसाच्या फडांना आगी लागल्या. बेटाच्या मोठ्या भागात बंड पसरलं. ते मोडायला जे सैन्य आलं त्यात वेस्ट इंडिया रेजिमेंटचे काळे सैनिकही होते. बसा लढाईत पडला, नंतर कितीतरी जणांना फासावर दिलं.

आता गन हिल. १८१८ मध्ये, बंडानंतर दोन वर्षांत, टेकड्यांवर निशाणांनी इशारे देणाऱ्या चौक्यांची साखळी उभारली, त्यातली ही. एका चौकीवरून दुसरी दिसते आणि ब्रिजटाऊनच्या छावणीपर्यंत निरोप काही मिनिटांत जातो. माहितीफलक सांगतात की जहाजांवर नजर ठेवायला. ठेवत असतीलच. पण साल बघा आणि वर उभं राहून चहूबाजूंना बघा: समुद्र दूर आहे, ऊस पायाशी. खाली उतारावर कातळात कोरलेला पांढरा सिंह आहे, पंज्याखाली गोळा. हेन्री विल्किन्सन नावाच्या अधिकाऱ्याने १८६८ मध्ये तो कोरवून घेतला. मुलांना सिंह फार आवडतो. वारा छान असतो, डबा इथेच खा.

पायरी ६: छावणी

गॅरिसन, म्हणजे ब्रिटिश फौजांचं पूर्व कॅरिबियनमधलं ठाणं. शहरापासून दोन-तीन किलोमीटर. मधलं मोठं मैदान पूर्वी कवायतीचं, आता घोड्यांच्या शर्यतींचं. १९६६ मध्ये याच मैदानावर युनियन जॅक उतरून निळा-पिवळा झेंडा चढला. भोवती लाल विटांच्या बराकी, कमानी, १८०४ चं घड्याळ असलेलं मेन गार्ड आणि तोफांची रांग.

दोन गोष्टी पैसे देऊन बघण्यासारख्या. एक, बार्बाडोस म्युझियम, जुन्या लष्करी तुरुंगात. दुसरी, जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. १७५१ मध्ये १९ वर्षांचा वॉशिंग्टन क्षयाने आजारी असलेल्या सावत्र भावाला हवापालटासाठी घेऊन इथे आला आणि दोनेक महिने राहिला. आजच्या अमेरिकेबाहेर त्याने पाहिलेला हा एकच देश. इथे त्याला देवी आल्या, तो वाचला. पुढे स्वातंत्र्ययुद्धात देवीच्या साथीने सैन्य पोखरलं तेव्हा सेनापतीला धोका नव्हता. या घराच्या आवारातून २०११ मध्ये सापडलेल्या भुयारांत उतरता येतं. एकोणिसाव्या शतकात खोदलेली, खडकातली, दमट. उंच माणसाने मान वाकवून चालावं.

पायरी ७: वेळ उरला तर

पूर्वेकडे कॉड्रिंग्टन कॉलेज. ताडासारख्या उंच झाडांची रांग, तळं, खाली अटलांटिक. बेटावरची सर्वांत देखणी जागा असेल. क्रिस्टोफर कॉड्रिंग्टनने १७१० मध्ये मरताना आपले मळे गुलामांसकट चर्चच्या धर्मप्रसारक सोसायटीला दिले. तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने 'सोसायटी' हा शब्द डागला जायचा. चर्च ऑफ इंग्लंडने माफी मागितली २००६ मध्ये.

जवळच सेंट जॉनचं चर्च. मागच्या अंगणात फर्डिनांडो पॅलिओलोगसची कबर आहे, दगडावर मृत्यूचं साल १६७८. कॉन्स्टँटिनोपलच्या शेवटच्या सम्राटांचा वंशज म्हणून त्याची ख्याती. इथे तो मळेवाला आणि चर्चचा कारभारी होता.

वाटेत लाकडी, रंगीत, चिमुकली घरं दिसतील: 'चॅटल हाऊस'. फोटो सगळेच काढतात. ती नुसत्या रचलेल्या दगडांवर का टेकवलेली असतात ते मात्र विचारा. मुक्तीनंतर घर मजुराचं असे, पण जागा मळेवाल्याची. मालकाने काढलं की फळ्या उकलायच्या, गाडीवर लादायच्या आणि दुसरीकडे घर उभं करायचं. या जागा रहिवाशांना स्वस्तात विकत घेता याव्यात असा कायदा १९८० मध्ये झाला.

पायरी ८: केन्सिंग्टन ओव्हल

आपल्याकडचे बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतील, २९ जून २०२४ च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यामुळे. सूर्यकुमारने झेल घेतला ती सीमारेषा बघायची असते सगळ्यांना, आणि बघावीच. पण या मैदानाचं आणि आपलं नातं त्याहून जुनं आहे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली, जीव टांगणीला लागला. रक्त दिलं वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलने. आणि चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी: एक पुण्याचा, एक नाशिकचा, एक सोलापूरचा. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. २१ वर्षांचा पतौडी याच बेटावर कर्णधार झाला.

वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे तिघे याच मैदानाच्या परिसरात, जेमतेम दीड वर्षाच्या आत जन्मले. तरीही १९६० पर्यंत वेस्ट इंडीजच्या संघाचं पूर्ण मालिकेसाठीचं कर्णधारपद काळ्या खेळाडूला मिळालं नव्हतं. वॉरेल तो पहिला. मैदानाबाहेर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. सोबर्स या देशाच्या राष्ट्रीय वीरांपैकी एक, त्याच यादीत बसाही आहे.

शुक्रवार असेल तर संध्याकाळी ऑयस्टिन्सला जा. तळलेल्या-भाजलेल्या माशांचा बाजार भरतो, संगीत कानठळ्या बसवतं, रांग मोठी असते. सातच्या आत पोहोचलात तर बाकावर जागा मिळते. याच गावात जानेवारी १६५२ मध्ये एका खानावळीत इथल्या राजनिष्ठ मळेवाल्यांनी क्रॉमवेलच्या आरमाराशी तह केला. शरणागती पत्करली, पण कर आमच्या असेंब्लीच्या संमतीशिवाय लावायचा नाही, एवढं मात्र लिहून घेतलं. बाकी उडता मासा मागवा, तिखट पिवळा सॉस बाजूला द्यायला सांगा. शाकाहारी असाल तर मॅकरोनी पाय आणि तळलेली केळी मिळतात.